आपला शेअर बाजाराच्या पुढे आहे की मागे? सापेक्ष बळ मोजण्याची रीत

आमच्या कोल्हापूर कार्यालयातील गुंतवणूकदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वर्षभरात शेअर १५ टक्के वाढला की साहजिकच समाधान वाटते. परंतु त्याच वर्षात बाजाराचा निर्देशांक निफ्टी २० टक्के वाढला असेल, तर तो शेअर बाजाराच्या मागे पडलेला असतो. भावातील चढउताराचा बराचसा भाग संपूर्ण बाजाराचा असतो. तो बाजूला काढल्यावर शेअरने स्वतःच्या बळावर काय केले, हे ज्या मापाने कळते त्याला सापेक्ष बळ, म्हणजेच रिलेटिव्ह स्ट्रेंथ, म्हणतात.

हिशेब अगदी साधा आहे. शेअरच्या बंद भावाला त्याच दिवशीच्या निर्देशांकाने भागायचे. समजा, शेअर ४०० रुपयांवर आणि निफ्टी २०,००० वर असताना हे गुणोत्तर ०.०२०० येते. वर्षाने शेअर ४६० आणि निफ्टी २४,००० झाला, तर ते सुमारे ०.०१९२ होते, म्हणजे शेअर वाढूनही त्याचे सापेक्ष बळ चार टक्क्यांहून अधिक घटले. याउलट निफ्टी १७,६०० पर्यंत उतरला आणि शेअर ३७६ वर टिकला, तर गुणोत्तर ०.०२१४ च्या आसपास जाते आणि बळ वाढलेले दिसते. मात्र या दुसऱ्या उदाहरणात आपले प्रत्येक शेअरमागे २४ रुपये कमी झालेलेच आहेत, हे कृपया नजरेआड करू नये. सापेक्ष बळ तुलना सांगते, नफा सांगत नाही.

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो; तो आकडा कोणत्या दिशेने चालला आहे, हे महत्त्वाचे. म्हणून दर शुक्रवारच्या बंद भावावरून गुणोत्तर काढून त्याची रेषा आखावी आणि तीन, सहा व बारा महिन्यांचा कल पाहावा. रोजच्या हालचालीवरून निष्कर्ष काढू नयेत. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी बाजाराच्या अभ्यासातून दाखवले की, मागील तीन ते बारा महिन्यांत पुढे राहिलेले शेअर त्यानंतरच्या तितक्याच कालावधीत सरासरीने पुढे राहण्याकडे झुकतात. ही सरासरी अनेक शेअरची आहे, आपल्या हातातील एका शेअरची हमी नव्हे; शिवाय मोठ्या पडझडीनंतर बाजार झपाट्याने उसळतो, तेव्हा हा कल उलटतो, असाही अनुभव आहे.

तुलना कोणाशी करायची, यावर आमचा विशेष भर आहे. निफ्टी ५० मध्ये देशातील मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यात बँका व वित्तसंस्थांचा वाटा सर्वांत मोठा आहे. एखाद्या छोट्या कास्टिंग कंपनीचा शेअर त्याच्याशी ताडून पाहण्यापेक्षा निफ्टी ५०० किंवा छोट्या कंपन्यांचा निफ्टी स्मॉलकॅप २५० हे माप अधिक न्याय्य ठरते. त्यासोबत त्याच उद्योगातील इतर कंपन्यांशीही तुलना करावी. आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे साखर कंपन्यांचे शेअर आहेत. (जिल्ह्यातील बहुतेक कारखाने सहकारी असल्याने ते शेअर बाजारात नाहीत; हे शेअर खासगी साखर कंपन्यांचे असतात.) डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा साखर कंपन्यांचे शेअर एकत्रच घसरले. अशा वेळी निफ्टीच्या तुलनेत दिसणारा अशक्तपणा त्या एका कंपनीचा नसून साऱ्या उद्योगाचा असतो. इतर साखर कंपन्यांच्या तुलनेतही आपला शेअर मागे पडत असेल, तर मात्र त्या कंपनीचे कर्ज, गाळप आणि डिस्टिलरीचे उत्पन्न तपासायला हवे.

आकडे घेताना बोनस (मोफत मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक छोटे शेअर होणे) यांचा परिणाम धरून दुरुस्त केलेलेच भाव घ्यावेत. एकास एक बोनस मिळाल्यावर भाव निम्म्यावर येतो आणि दुरुस्ती न केल्यास रेषा कोसळल्याचा खोटा भास होतो. भरपूर लाभांश देणाऱ्या कंपनीसाठी लाभांश धरून काढलेला परतावा टोटल रिटर्न निर्देशांकाशी (ज्यात कंपन्यांचा लाभांशही धरलेला असतो) ताडावा. म्युच्युअल फंडांना बाजार नियामक सेबीने हीच तुलना फेब्रुवारी २०१८ पासून बंधनकारक केली आहे.

मोबाइल ॲपवर दिसणारा आरएसआय (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स) हा नाव सारखे असले, तरी याहून वेगळा आहे. तो शेअरची तुलना त्याच्याच मागील भावांशी करतो आणि त्यात निर्देशांक येतच नाही. म्हणून आरएसआय ७० दिसला, तरी तो शेअर बाजाराच्या पुढे आहे, असे समजू नये.

आपल्या डीमॅट खात्याचे होल्डिंग स्टेटमेंट कार्यालयात आणल्यास त्यातील प्रत्येक शेअरची बारा महिन्यांची रेषा आम्ही विनामूल्य छापून देऊ. ही रेषा खरेदी-विक्रीचा सल्ला नाही. कंपनीचा ताळेबंद आणि आपली पैशाची गरज या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच ती वाचावी.