पळून पाय दुखले म्हणजे लेग डे झाला का?

रनिंग ग्रुपमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं: "आठवड्याला चाळीस किलोमीटर पळतो, पायांना अजून वेगळा व्यायाम, म्हणजे जिममधला लेग डे, कशाला?" जिममध्ये याचंच उलटं रूप भेटतं: "आमच्या सर्किटमध्ये इतका दम निघतो की पळायची गरजच नाही." दोघांचे पाय दुखतात, दोघं घामाने निथळतात आणि दोघंही थकव्यालाच पुरावा मानतात. घोळ इथेच होतो. पळून आलेला थकवा आणि वजन उचलून आलेला थकवा वरून सारखाच वाटतो, पण स्नायूंकडून झालेली मागणी अगदी वेगळी असते.

आधी पळण्याचा हिशेब मांडू. दहा किलोमीटरला पासष्ट मिनिटं लागली आणि मिनिटाला १६५ पावलं पडली, तर साडेदहा हजारांहून जास्त पावलं झाली. म्हणजे एकेका पायाच्या वाट्याला पाच हजारांवर. प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीचपट जोर येतो. सत्तर किलोच्या माणसाला हे दीडशे किलोच्या आसपास झालं, तेही एका पायावर. मग कुणीही म्हणेल, हे तर स्क्वॉटच्याही (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकेच्याही) वरचं झालं!

तसं ते नाही. पाऊल जमिनीवर टेकतं जेमतेम पाव सेकंद. गुडघा वाकतो तो थोडासाच. शिवाय त्या जोरातला मोठा वाटा टाचेमागची जाड शीर (अकिलीस टेंडन) आणि तिच्यासारख्या, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या इतर शिरा पेलतात: ताणल्या जातात आणि पुन्हा आखडून पाय पुढे ढकलतात. खरी गोष्ट म्हणजे या पाच हजारांतलं एकही पाऊल तुमच्या ताकदीच्या टोकाजवळ जात नाही. गेलं असतं तर दुसरा किलोमीटर पुरा झालाच नसता.

स्क्वॉटमध्ये मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत खाली बसायचं, तिथून वजनासकट वर यायचं. एका रेपला, म्हणजे एकदा खाली जाऊन वर यायला, तीन-चार सेकंद सहज जातात. पहिले पाच-सहा रेप्स बरे जातात. आठव्याला बार अर्ध्यात रेंगाळायला लागतो, नवव्याला नको नको होतं. हे रेंगाळणं महत्त्वाचं आहे. आपलं शरीर स्नायूंतले सगळे तंतू एकदम कामाला लावत नाही. आधी चिवट, हळू काम करणारे तंतू पुढे येतात. जाड, जोरकस तंतूंना बोलावणं जातं ते भार खूप असेल किंवा आधीचे थकत आले असतील तेव्हाच. आणि वाढायला सर्वांत जास्त वाव याच तंतूंना असतो. निवांत पळण्यात त्यांची पाळी क्वचितच येते.

म्हणून कुठला व्यायाम कशात मोडतो हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: सेट (सलग केलेल्या रेप्सची एक फेरी) कशामुळे थांबला? पाय उठेना म्हणून थांबला, तर ती ताकदीची मेहनत. धाप लागली म्हणून थांबला, तर ती दमाची, हातात डंबेल असलं तरीही. पंधरा स्क्वॉट, लगेच बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी मारायची), मग दोरीउड्या आणि वीस सेकंद विश्रांती असं सर्किट हृदयाला चांगलं आहे, वजनही उतरवेल. पण मांड्या दमायच्या आधी फुप्फुसं हात टेकतात. तालमीतल्या बैठकांचंही तेच. नव्या पोराच्या मांड्या पंचवीस बैठकांतच भरतात, तेव्हा ती ताकदीची मेहनत असते. तोच पोरगा सलग पाचशे काढायला लागला की त्याच बैठका दमाच्या होतात. आकडा मोठा झाला, जात बदलली.

वजन फार भारीच हवं असंही नाही. पाच रेप्सचा सेट असो की पंचविसाचा, शेवटचे दोन-तीन रेप्स खरोखर जड गेले तर स्नायू साधारण सारखेच वाढतात. नुसती ताकद वाढवायची असेल तर मात्र जड वजन आणि कमी रेप्स सरस ठरतात. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं बसून राहायला पळणाऱ्यांना फार जड जातं. त्यांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. बसा!

आता "रनिंग मसल खातं" या जुन्या भीतीबद्दल. तिचं मूळ १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी केलेल्या प्रयोगात आहे. एका गटाने फक्त वेट ट्रेनिंग केलं, दुसऱ्याने फक्त दमाचा व्यायाम, तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद आधी वाढत गेली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरायला लागली. दमाला काही धक्का लागला नाही. हे निरीक्षण खरंच आहे, पण त्याचा डोस कुणी सांगत नाही: आठवड्यात पाच दिवस वेट्स आणि सहा दिवस सायकल नाहीतर पळणं, तेही जीव तोडून. नोकरी करून, लोकलचा प्रवास करून हे करणारा माणूस शोधायलाच लागेल. पुढे २०२२ मध्ये चाळीसहून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा स्नायूंच्या आकारात किंवा कमाल ताकदीत दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने फारसा तोटा दिसला नाही. थोडा फटका बसतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे उडी, झेप, फेक यांना, आणि तोही विशेषतः दोन्ही व्यायाम एका वेळीच लागोपाठ उरकले तर.

हा मुद्दा आपल्याकडे सर्वांत जास्त कुणाला लागू पडत असेल तर पोलीस भरतीच्या पोरांना. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि ७.२६ किलोची गोळाफेक असते. पन्नास गुणांपैकी वीस १६०० मीटरला, बाकी दोघांना पंधरा-पंधरा. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर आणि चार किलोचा गोळा. गावोगावच्या मैदानांवर पहाटे काय चालतं? आधी चार-पाच किलोमीटर पळणं, मग मैदानाचे राउंड, आणि शेवटी अंगात त्राण उरलं नाही की दहा मिनिटं गोळा. म्हणजे तीस गुणांच्या दोन्ही स्फोटक गोष्टी दमलेल्या पायांवर. क्रम उलटा हवा. नीट वॉर्मअप करून ताज्या अंगाने गोळा आणि १०० मीटर आधी, लांबचं पळणं नंतर. जमलं तर संध्याकाळी. १०० मीटरला "रनिंग" म्हणत असले तरी ते नातं सांगतं वेट्सशी: दहा-पंधरा सेकंदांचा पूर्ण जोर, मग पुरेशी विश्रांती. विश्रांती कापून त्याच्या दहा फेऱ्या मारल्या की पुन्हा दमाचाच व्यायाम झाला.

घाटाचीही एक फसगत आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचं असतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात आणि वाटतं, काय जबरदस्त लेग डे झाला! ते दुखणं बहुतांशी उताराचं असतं. उतारावर मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो, आणि सवय नसेल तर अशा कामाने तो एक ते तीन दिवस ठणकतो. ठणकला म्हणून वाढतोच असं नाही. महिनाभर दर रविवारी उतार पळा, ठणका कमी होईल. मात्र त्या ठणक्यावर जड स्क्वॉटचा दिवस आणू नका.

पूर्वी कधीच व्यायाम न केलेल्या किंवा उतारवयातल्या माणसाच्या मांड्या नुसत्या पळण्यानेही थोड्या भरतात, हे नाकारता येणार नाही. पण ती बढती लवकर थांबते.

बऱ्याच पळणाऱ्यांचे स्नायू न वाढण्याचं कारण मला तरी ताटात दिसतं. पळताना शरीराच्या दर किलो वजनाला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. सत्तर किलोचा माणूस दहा किलोमीटर पळाला की सातशे गेल्या. त्यावर एक प्लेट पोहे आणि चहा. स्नायू वाढवायचे असतील तर शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं चांगली, म्हणजे सत्तर किलोला ११० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम येतात. मटकीची उसळ, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, बांगडा, चिकन यांतलं काही ना काही प्रत्येक जेवणात आल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही.

आठवडा कसा लावायचा? स्नायू हे मुख्य ध्येय असेल तर तीन दिवस वेट्स आणि दोन दिवस पळणं पुरतं. दोन्हींत सहाएक तासांचं अंतर असलं तर उत्तम. एकाच वेळी करावं लागलं तर वेट्स आधी. निवांत पळायच्या दिवशी खरंच निवांत पळा, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं. सगळेच दिवस मध्यम जोरात पळणारा माणूस पळण्यात फारसा सुधारत नाही आणि स्क्वॉटलाही थकलेलेच पाय घेऊन जातो.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते, त्यामुळे डिसेंबरात लोक जिमला सरळ रामराम ठोकतात. त्याची गरज नाही. वजन तेच ठेवून सेट एक तृतीयांशावर आणले, आठवड्यातून एकदाच गेलं, तरी कमावलेलं बरंचसं टिकतं. कमी करायचे ते सेट. बारवरच्या प्लेटा तशाच राहू द्यायच्या. शर्यतीच्या आठवड्यात मात्र पायांचे वेट्स पूर्ण बंद.