दिव्यांग मुलाचा जिल्हा परिषद शाळेतील प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि पटावरील नोंद (सातारा जिल्हा)

शाळांमधील दिव्यांग विद्यार्थ्यांचा पट वाढतो आहे की घटतो आहे, हे यू-डायस प्लस या देशभरातील शाळांची माहिती नोंदवणाऱ्या केंद्र सरकारच्या प्रणालीतील आकड्यांवरून ठरवले जाते. २०२०-२१ मध्ये देशभरातील शाळांत असे २१.९१ लाख विद्यार्थी नोंदले गेले होते आणि २०२१-२२ मध्ये ही संख्या २२.६७ लाखांवर गेली. २०२२-२३ पासून शाळानिहाय बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागल्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यामुळे अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण), स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा अवस्थांतील मुले, जी पूर्वी वर्गात असूनही या रकान्यात येत नव्हती, ती आता मोजली जाऊ शकतात.

‘जाऊ शकतात’ असे म्हणण्याचे कारण आहे. ज्या मुलाला कमी ऐकू येते, पण ज्याला आजवर कोणी तपासणीसाठी नेलेच नाही, तो हजेरीपटावर असतो आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या संख्येत मात्र नसतो. त्याच्या नावावर श्रवणयंत्र येत नाही, भत्ता येत नाही आणि विशेष शिक्षकांच्या भेटीच्या यादीतही तो बसत नाही. म्हणून प्रवेश आणि नोंद ही दोन्ही कामे पालकांनी एकाच वेळी हाती घ्यावीत.

पात्रता

६ ते १८ वर्षे वयाच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क २०१६ च्या अधिनियमातील कलम ३१ ने दिला आहे. निवड पालकांची आहे. ‘याला विशेष शाळेतच घाला’ असे सांगून जवळच्या शाळेने प्रवेश नाकारणे या कायद्यात बसत नाही. ६ ते १४ वयोगटातील सर्वच बालकांना शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू असल्याने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेले मूलही प्रवेशापासून वंचित राहू शकत नाही. जे मूल वय वाढूनही शाळेत गेलेले नाही, त्याला त्याच्या वयानुरूप इयत्तेत बसवावे, असे याच कायद्याचे कलम ४ सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवण्याचा आग्रह होत असेल, तर पालकांनी या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा. बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने गृहाधारित शिक्षणाचा पर्याय खुला केला आहे. तो पालकांचा हक्क आहे, शाळेची सोय नव्हे, आणि असे मूलही शाळेच्या पटावर असलेच पाहिजे.

प्रवेशाच्या वेळी

पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण होणे ही राज्यातील सर्वसाधारण अट आहे. मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्रे एवढ्यावर मुख्याध्यापकांकडे अर्ज करता येतो. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्याने शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाताशी असेल तर त्याची प्रत द्यावी, नसेल तर प्रवेश थांबवू नये. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ स्पष्ट सांगते. प्रमाणपत्र ही पुढच्या सवलतींची किल्ली आहे, वर्गात बसण्याची पूर्वअट नाही, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठामपणे सांगण्याची वेळ कधी कधी येते.

प्रवेशानंतर वर्गशिक्षक ‘प्रशस्त’ या एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) ॲपमधील तपासणीसूचीच्या आधारे प्राथमिक चाळणी करतात आणि शंका असलेल्या मुलाची पुढील पाहणी विशेष शिक्षकांकडे जाते. ही चाळणी म्हणजे निदान नव्हे. तरीही गावात कोणाच्याच लक्षात न आलेली मुले बऱ्याचदा येथेच लक्षात येतात, म्हणून मुलाच्या ऐकण्या-बोलण्याविषयी, वाचताना अक्षरे उलटी होण्याविषयी घरी जे दिसते ते पालकांनी वर्गशिक्षकांना मोकळेपणाने सांगावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

वैश्विक ओळखपत्रासाठी, म्हणजेच यूडीआयडीसाठी, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. गावातील महा ई-सेवा केंद्रातूनही तो भरता येतो. मुलाचे आधार, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि असल्यास जुने उपचारांचे कागद स्कॅन करून जोडावेत आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडावे. सातारा शहरातील क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय हे जिल्ह्यातील मुख्य ठिकाण आहे. तपासणीच्या दिवशी मूळ कागदपत्रे आणि मूल, दोन्ही बरोबर हवीत. मिळणाऱ्या कार्डाचा पांढरा रंग ४० टक्क्यांहून कमी, पिवळा ४० ते ८० टक्क्यांच्या आत आणि निळा ८० टक्के व त्यावरील दिव्यांगत्व दाखवतो.

महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोऱ्यातून किंवा माणच्या टोकाकडील वाडीतून साताऱ्याला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च. म्हणून अर्ज भरल्यावर आपल्या केंद्रप्रमुखांकडे किंवा पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात तालुक्यात तपासणी शिबिर कधी आहे याची चौकशी करावी आणि रुग्णालयात जायचेच असेल तर त्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी कोणत्या वारी होते हे आधी विचारून घ्यावे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र ८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते. त्यामुळे पहिली-दुसरीतील मुलाला ते मिळाले नाही तर निराश होऊ नये, पण तिसरीनंतर मात्र विषय पुन्हा हाती घ्यावा.

नोंद आणि त्यानंतर

प्रमाणपत्र मिळताच त्याची प्रत शाळेत देऊन यू-डायस प्लसमध्ये मुलाचा दिव्यांगत्व प्रकार बरोबर भरला गेला आहे का, हे मुख्याध्यापकांकडून पाहून घ्यावे. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. माहितीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर असल्याने जून ते ऑगस्टमध्येच हे काम उरकलेले चांगले. शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा या सरकारी योजनेतील मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, वाचक भत्ता (वाचून दाखवणाऱ्यासाठीचा), साहित्य-साधने आणि दिव्यांग मुलींसाठीचा दरमहा २०० रुपयांप्रमाणे १० महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता हे सारे या नोंदीवर उभे आहे. भत्त्यांसाठी मुलाचे किंवा पालकांबरोबरचे संयुक्त बँक खाते आधारशी जोडलेले असावे. विशेष शिक्षकांची गरजही याच पटावरून ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरले आहे.

आठवीनंतर हा पट घसरतो. शाळा बदलते, अंतर वाढते आणि आठवीपर्यंतची नोंद नव्या शाळेत आपोआप कामी येईलच असे नाही. म्हणून शाळा बदलताना प्रमाणपत्राची आणि यूडीआयडीची प्रत पुन्हा सादर करावी. दहावी-बारावीला लेखनिक (उत्तरे लिहून देणारा), तासाला २० मिनिटे जादा वेळ अशा सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. तो परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून न पाठवता नववीतच कागद पूर्ण करून ठेवावेत, कारण फेरतपासणीची तारीख मिळण्यातच काही महिने जाऊ शकतात.