सोफा भिंतीला, सबवूफर कोपऱ्यात: घरातला सराउंड साउंड नीट का वाजत नाही

पुण्यातल्या तपकीर गल्लीत होम थिएटर बघायला गेलात की गप्पा लगेच वॅटवर येतात. एकेकाळी तर खोक्यावर 'पीएमपीओ' लिहून हजारोंचे आकडे छापलेले असायचे आणि आतला ट्रान्सफॉर्मर बघितला तर एवढासा. पीएमपीओ मोजायचा धड एक ठरलेला नियमच नाही, त्यामुळे बघायचा असेल तर आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या पॉवरचा आकडा बघा, आणि तोही फार मनावर घेऊ नका, कारण वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे जवळजवळ दहापट पॉवर. 50 वॅटऐवजी 100 वॅटचा घेतलात तर घरच्यांना कळणारही नाही, खिशाला तेवढं कळेल.

खरा खेळ आहे मिलीसेकंदांचा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला थोडा उशिरा, हा फरक जास्तीत जास्त 0.7 मिलीसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा सांगतो. वरच्या पट्टीच्या आवाजांना शिवाय डोकं मध्ये येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते बारीक ऐकू येतात, तीही खूण मेंदू वापरतोच. 1949 मध्ये हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने अजून एक गोष्ट दाखवली, की तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलीसेकंदांच्या फरकाने आला तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच येतो, आणि तो जिथून आधी आला तिथूनच आल्यासारखा वाटतो, नंतरचा थोडा मोठा असला तरीही.

आता हे आपल्या हॉलमध्ये लावून बघा. कोथरूड काय नि वाकड काय, हॉल साधारण दहा बाय पंधरा फुटांचा, टीव्ही एका भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला चिकटवलेला. पुढचे स्पीकर तुमच्यापासून 3 मीटरवर, मागचा डावा स्पीकर मात्र सोफ्याच्या हाताशेजारी, 1 मीटरवर. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 2 मीटरच्या फरकाला जवळपास 6 मिलीसेकंद. जो आवाज पुढे आणि मागे दोन्हीकडे वाजतो तो कान मागच्या स्पीकरला चिकटवून मोकळा होतो, आणि मग लोक म्हणतात मागचे फार ओरडतात, बंदच करून टाक. बंद कशाला करायचे, रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर ज्या डब्याला जोडता त्यात, 'डिस्टन्स' नावाची सेटिंग त्यासाठीच तर दिलेली असते, तुम्ही बसता तिथून प्रत्येक स्पीकरपर्यंत टेप लावायची आणि आकडे भरायचे, मग जवळच्या स्पीकरचा आवाज रिसीव्हर तेवढे मिलीसेकंद थांबवून सोडतो आणि सगळे एकदम पोचतात.

जागेचं म्हणाल तर पुढच्या दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकाचं तुमच्यापासूनचं अंतर सारखं ठेवा, समभुज त्रिकोण झाला की दोघेही आपोआप समोरच्या रेषेपासून 30 अंशांवर येतात. सराउंडवाले दोन बाजूला आणि किंचित मागे, 110 अंशांच्या आसपास, कानाच्या थोडे वर. सोफा भिंतीलाच असेल तर मागे जागाच नाही, मग बरोबर बाजूला 90 अंशांवर लावले तरी चालतं, फक्त पडद्याच्या दांड्याला टांगून पार छताला नेऊ नका. सेंटर स्पीकर टीव्हीखाली ठेवून जरा वर, कानाकडे तोंड करून ठेवा, शोकेसच्या कप्प्यात आतवर ढकलू नका, कारण पिक्चरमधले बहुतेक संवाद त्यातूनच येतात आणि कप्प्यात तो घुमायला लागतो.

वायरिंगमध्ये अवघड काही नाही, पण एक गोष्ट जपायची, लाल लालला नि काळी काळ्याला. एका स्पीकरची उलटी लागली तर तो वाजतो, म्हणून संशय येत नाही, पण एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधोमध उभा असलेला गायक सगळीकडे पसरल्यासारखा वाटतो. जुन्या स्पीकरच्या वायरीला रंगच नसेल तर अॅम्प्लिफायरपासून ती सोडवून घ्या आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तिच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक' होऊन कोन बाहेर उडाला तर सेलच्या प्लसकडची ती पॉझिटिव्ह, आत गेला तर उलटी. जाळी काढून बाजूने बघितलं की अगदी स्पष्ट दिसतं (आत अॅम्प असलेल्या पॉवर्ड स्पीकरवर हा उद्योग नको). वायर सोलल्यावर तारा नीट पिळून घ्या, एखादी बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट होऊन रिसीव्हर बंद पडतो. जाडीला दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घरात पुरते, 'ऑडिओफाइल' केबलच्या नादाला लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

मागचे स्पीकर वाजतच नाहीत ही तक्रार बऱ्याचदा टीव्हीच्या सेटिंगची असते. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या एआरसी पोर्टने (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या) जोडलाय, पण टीव्हीचं ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर राहिलंय, तर साध्या एआरसीवरून दोनच चॅनल जातात. ते 'बिटस्ट्रीम', 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा, टीव्हीवर जे लिहिलं असेल ते. मोठे, न दाबलेले फॉरमॅट हवे असतील तर एआरसीची पुढची आवृत्ती ईएआरसी लागते, ऑप्टिकल वायरीतून नेहमीचा दाबलेला 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जातो, त्याच्या वरचं नाही.

आता सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, 5.1 मधला तो 'पॉइंट वन'. त्याच्या वेगळ्या चॅनलमध्ये फक्त 120 हर्ट्झपर्यंतचा खर्ज असतो, बाकी चॅनलच्या मानाने अगदीच थोडा पट्टा, म्हणून त्याला एक आख्खा धरत नाहीत. 80 हर्ट्झची एक लाट सव्वाचार मीटर लांब असते, आपलं डोकं तिच्यापुढे काहीच नाही, त्यामुळे त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही. याच कारणाने क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द, बहुतेक 80 वर ठेवतात. मग सबवूफर कुठेही ठेवला तरी चालेल? नाही, इथेच खोली आडवी येते. पंधरा फूट लांबीच्या हॉलमध्ये 37-38 हर्ट्झचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून पडतो, बादलीतलं पाणी हिंदकळल्यासारखा, कडेला भरपूर चढउतार आणि मधोमध जवळजवळ शांत. सोफा भिंतीला असेल तर तो नेमका 'भरपूर'च्या जागी, म्हणून प्रत्येक स्फोट घुम्म करून लांबतो, आणि तोच स्फोट हॉलच्या मध्यावर खुर्ची टाकून बसलेल्या पाहुण्याला निम्माच ऐकू येतो. त्यात सबवूफर कोपऱ्यात असेल तर अजून जोर. सोफा दीड-दोन फूट पुढे घेता आला तर घ्या, घरात वाद होईल पण घ्या.

सबवूफरची जागा शोधायची युक्ती मात्र भारी आहे. तो उचलून चक्क सोफ्यावर, तुमच्या जागेवर ठेवा, खर्ज भरपूर असलेलं काहीतरी लूपवर लावा आणि भिंतींच्या कडेकडेने जमिनीवर रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारखे, भरीव ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून हे चालतं. शेजाऱ्यांनी दारातून बघितलं तर बघू दे.

रिसीव्हरबरोबर माइक आला असेल तर ऑटो कॅलिब्रेशन करा, म्हणजे अंतरं आणि आवाज रिसीव्हर स्वतःच मोजून लावतो, माइक कानाच्या उंचीवर, स्टँड नसेल तर उशांच्या वर सोफ्याच्या पाठीपासून जरा लांब, पंखा बंद, कुकर गॅसवर नाही. नंतर सबवूफरचं अंतर टेपपेक्षा बरंच जास्त दाखवलं तर बदलू नका, त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर रिसीव्हरने त्यात धरलेला असतो.

विट्रिफाइड टाइल्स आणि कोऱ्या भिंतींच्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा, झणझण ऐकू आली तर गालिचा टाका, जाड पडदे लावा, संवाद लगेच स्वच्छ होतील. खर्जाला पडद्यांनी काही फरक पडत नाही, तो भिंतीतून आणि स्लॅबमधून खाली जातोच. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे, पण ते मोजतात 'ए' स्केलवर आणि ते स्केल 50 हर्ट्झचा आवाज 30 डेसिबलने कमी धरतं, म्हणजे मोबाइलवरचं अॅप सगळं ठीक म्हणेल आणि खालच्यांच्या काचेच्या कपाटातल्या बश्या वाजत असतील. सबवूफरखाली जाड रबर ठेवा आणि दहानंतर 'नाइट मोड' लावा, त्यात मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणले जातात, त्यामुळे व्हॉल्यूम न वाढवता संवाद ऐकू येतात.