बस लेनच्या कॅमेऱ्याचा दंड: इंग्लंडमध्ये हरकत कशी घ्यायची

मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमकडे गाडी चालवणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींच्या दारात हे पाकीट कधी ना कधी पडतं: कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे दंडाची नोटीस, आत बस लेनमधल्या, म्हणजे बससाठी राखीव पट्ट्यातल्या, तुमच्या गाडीचा फोटो. घाबरू नका. हा फौजदारी मामला नाही, लायसन्सवर पॉइंट चढत नाहीत. रक्कम साधारण ७० पौंड, नोटिशीवर छापलेल्या सवलतीच्या मुदतीत भरली तर निम्मी. पण पैसे भरले की प्रकरण बंद. आधी भरून मग भांडता येत नाही.

नोटीस गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला येते. बायको चालवत होती आणि गाडी नवऱ्याच्या नावावर असेल, तर हरकतही नवऱ्याच्याच नावाने जाते. ‘मी चालवत नव्हतो’ हे कारण तिथे टिकत नाही.

लिहायला बसण्याआधी व्हिडिओ बघा. नोटीस क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकला की कौन्सिलच्या वेबसाइटवर तो सहसा दिसतो. चित्रीकरणावरची वेळ निळ्या फलकावर दिलेल्या, बस लेन लागू असण्याच्या वेळेत बसते का? चाकं जाड पांढऱ्या रेषेच्या आत किती अंतर गेली? लेन संपून डावीकडे वळायची जागा तिथेच होती का? अनेकदा कॅमेरा नंबर प्लेटवरच रोखलेला असतो, फलक चौकटीत येतच नाही. मग जागेवर जाऊन, गाडीतून येताना दिसतो त्याच बाजूने फलकाचा फोटो काढा. झाडाच्या फांदीआड तो झाकला गेला असेल तर तोच तुमचा मुख्य पुरावा. डॅशकॅमचं चित्रीकरण लगेच उतरवून ठेवा, नाहीतर त्यावर नवीन चढतं.

ग्राह्य कारणं ठरलेली आहेत: उल्लंघन घडलंच नाही, गाडी तेव्हा तुमची नव्हती, चोरीला गेली होती, भाड्याने दिली होती, बस लेन ठरवणारा वाहतूक आदेशच अवैध आहे, कौन्सिलने कार्यपद्धती पाळली नाही, किंवा जास्त रक्कम मागितली. त्याप्रमाणे विक्रीची पावती, पोलिसांचा गुन्हा क्रमांक किंवा भाडेकरार जोडा. कारण यात बसत नसेल, समजा कोणाला तातडीने दवाखान्यात नेत होतात, तरी विशेष परिस्थिती म्हणून कागदांसह मांडा. ‘घाईत होतो’, ‘शहरात नवीन होतो’ यावर मात्र वेळ घालवू नये. व्हिडिओ स्वच्छ असेल तर निम्मे भरून मोकळं व्हावं, हे माझं मत.

हरकतीला २८ दिवस मिळतात. कौन्सिलने फेटाळली तर नकाराच्या पत्रात अपिलाची माहिती असते. पुन्हा २८ दिवसांत ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनलकडे जायचं. हे कौन्सिलपासून स्वतंत्र आहे, फी नाही, वकील लागत नाही, सगळं ऑनलाइन होतं. लंडनसाठी लंडन ट्रिब्युनल्स ही वेगळी संस्था आहे, आणि स्कॉटलंडची व्यवस्था निराळी.

काहीच न करणं सगळ्यात महाग पडतं: रक्कम दीडपट, म्हणजे ७० चे १०५, मग नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये थकबाकी म्हणून नोंद, आणि शेवटी वसुलीवाले दारात. घर बदललेल्यांचं इथेच फसतं. लायसन्सवरचा पत्ता बदलला तरी गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीपत्रावरचा) आपोआप बदलत नाही. तो डीव्हीएलए या लायसन्स-नोंदणी खात्याला वेगळा कळवावा लागतो, नाहीतर नोटीस जुन्याच घरी जाते.