ध्वजनिष्ठेची शपथ (अमेरिका)

अमेरिकेच्या सरकारी शाळांत दिवसाच्या सुरुवातीला राष्ट्रध्वजाकडे तोंड करून, उजवा हात छातीवर ठेवून म्हटली जाणारी प्रतिज्ञा. ‘प्लेज ऑफ अलीजन्स’ या नावाने ती ओळखली जाते. ध्वजाशी आणि त्या ध्वजामागच्या प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहण्याची ग्वाही तीत आहे. ती म्हणायची नसेल तर विद्यार्थ्याने काय करावे, या प्रश्नातून अमेरिकेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा एक पायाभूत निकाल निघाला.

मूळ मजकूर फ्रान्सिस बेलामी या धर्मोपदेशकाने लिहिला. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाल्यानिमित्त तो १८९२ मध्ये ‘द यूथ्स कंपॅनियन’ या साप्ताहिकात छापून आला. हे साप्ताहिक शाळांना ध्वजही विकत असे. सुरुवातीला मजकुरात ‘माझा ध्वज’ एवढेच होते. स्थलांतरितांच्या मनात मायदेशाचा ध्वज येऊ नये म्हणून १९२३-२४ मध्ये देशाचे नाव घालण्यात आले. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९४२ मध्ये शपथेला मान्यता दिली. हात ध्वजाच्या दिशेने पुढे ताठ करण्याची जुनी पद्धत नाझी सलामीसारखी दिसू लागल्याने त्याच वर्षी बदलली. ‘ईश्वराच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द शीतयुद्धात, १९५४ साली आले.

यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाचे लोक ध्वजवंदनाला मूर्तिपूजा मानतात. पेनसिल्व्हेनियातील माइनर्सव्हिल येथे या पंथाच्या दोन मुलांना शाळेतून काढले, तेव्हा १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने शाळेची बाजू उचलून धरली. राष्ट्रीय सुरक्षिततेचा पाया राष्ट्रीय ऐक्य, असे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिले. निकालानंतर अनेक गावांत या पंथीयांना मारहाण झाली. मेन राज्यातील केनेबंक येथे त्यांचे सभागृह जाळले गेले. देशभक्तीच्या नावाने झालेली ही गुंडगिरी होती, आणि निकालाने तिला बळ दिले हे नाकारता येत नाही.

वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने १९४२ मध्ये वंदन सक्तीचे केले. नकार देणाऱ्या मुलाला काढून टाकायचे, मग तेच मूल बेकायदा गैरहजर ठरवायचे आणि पालकांवर खटला भरायचा: पन्नास डॉलरपर्यंत दंड, तीस दिवसांपर्यंत कैद. अशा मुलांना बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात धाडण्याच्या धमक्याही दिल्या गेल्या. हे प्रकरण ‘बार्नेट’ खटला म्हणून गाजले. १४ जून १९४३ रोजी, म्हणजे ध्वजदिनीच, सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने तीनच वर्षांपूर्वीचा आपला निकाल फिरवला. देश महायुद्धात उतरलेला असताना हे घडले, हे विशेष.

न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी निकाल धार्मिक सवलतीपुरता ठेवला नाही. मनात नसलेले शब्द तोंडून वदवून घेण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही, हे तत्त्व त्यांनी सर्वांसाठी मांडले. सक्तीने साधलेले मतैक्य म्हणजे स्मशानातले एकमत, असे बजावले. व्हिएन्नाहून लहानपणी आलेल्या, ज्यू असलेल्या फ्रँकफर्टर यांनी मात्र आपण छळ सोसलेल्या अल्पसंख्याक समाजातले आहोत असे सांगूनही भिन्नमत नोंदवले. लोकनियुक्त विधिमंडळाचे काम न्यायाधीशांनी करू नये, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती. पण शाळेतून काढलेल्या मुलाला तिचा उपयोग नव्हता.

याच तत्त्वाच्या पुढच्या टप्प्यावर, १९८९ मध्ये, निषेध म्हणून ध्वज जाळणे हीसुद्धा संरक्षित अभिव्यक्ती ठरली. हे संरक्षण केवळ सरकारी कारवाईविरुद्ध आहे. २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणारा अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निक खासगी संघाचा खेळाडू होता, त्यामुळे ते त्याच्या थेट कामी आले नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या ‘बिजो इमॅन्युएल’ निकालात बार्नेट खटल्याची चर्चा केली. केरळमधील याच पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण ते गात नसत. त्यांना शाळेतून काढणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आजही शाळांना शपथेसाठी वेळ ठेवावा लागतो. फ्लोरिडात तिच्यातून सूट हवी असल्यास पालकांचे लेखी पत्र लागते, आणि ही अट २००८ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने बव्हंशी वैध मानली.