आजच्या नकाशामागच्या जुन्या इमारती

आज कुठलाही आर्किटेक्ट नकाशा काढायला बसला की बहुतेक वेळा आधी कॉलमच्या जागा ठरवतो. भिंती नंतर येतात आणि हव्या तशा सरकवता येतात. हा क्रम नेहमीच असा नव्हता. भार भिंतींवर असे तोवर खोल्यांची मांडणीही भिंतीच ठरवत. आरसीसीचा (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला खरा, पण त्याची ताकद एका चित्रात दाखवली ती आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांनी. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली घरं झटपट उभारता यावीत म्हणून १९१४ मध्ये त्यांनी 'डॉम-इनो'ची कल्पना मांडली. त्यात स्लॅब, सहा कॉलम आणि एक जिना एवढंच होतं, भिंत एकही नव्हती.

घराच्या आतही असंच घडलं. ऑस्ट्रियन आर्किटेक्ट मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, ते काम करणाऱ्या बाईची पावलं मोजून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. सलग ओटा, मापात बसवलेली कपाटं, हाताशी येणारी प्रत्येक वस्तू हे सगळं आज आपण गृहीत धरतो. मात्र त्या चिंचोळ्या खोलीत बाई एकटी पडे. आजच्या उघड्या स्वयंपाकघराकडे मी त्या चुकीची दुरुस्ती म्हणूनही पाहतो.

काचेच्या इमारतींचा वारसा जास्त महाग पडला. न्यूयॉर्कचं लिव्हर हाउस ही काचेची कार्यालयीन इमारत १९५२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या खिडक्या उघडतच नाहीत, हवा यंत्रानेच खेळवायची. १९५९ मध्ये पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने फ्लोट काचेची, म्हणजे वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट करण्याची, पद्धत जाहीर केली आणि पुढे मोठी, सपाट काच मिळणं सोपं झालं. हा नमुना मग उन्हाची दिशा न पाहता सगळ्या हवामानांत उचलला गेला. १९७३ च्या तेलसंकटात ऊर्जा महागली आणि त्याचा हिशेब समोर आला. आज दर्शनी भागाचं रेखाटन पक्कं करण्याआधी उष्णतेचं गणित करावं लागतं, त्याची मुळं त्या संकटात आहेत.

सगळ्यात कठोर धडा लंडनच्या रोनन पॉइंटचा. १६ मे १९६८ रोजी या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. इमारत तयार काँक्रीट पॅनेल जोडून बांधलेली होती आणि भार त्या पॅनेलांवरच होता. एक भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले आधाराविना कोसळले आणि त्यांच्या वजनाने खालचेही गेले. पूर्ण कोपरा ढासळला. चार माणसं दगावली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये बांधकामाचे नियम बदलले: एक भाग निकामी झाला तरी पडझड त्याच्या प्रमाणाबाहेर पसरता कामा नये. 'हा कॉलम काढला तर काय होईल?' हा आजच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा प्रश्न याच वारशातला आहे.

त्या काळातल्या गृहसंकुलांना पाडण्यापलीकडे उपाय नाही, असं पुढे फार वर्षं मानलं गेलं. हा समज खोडणारं काम मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ॲन लाकातों आणि झाँ-फिलिप व्हासाल या आर्किटेक्टांनी सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकातल्या तीन इमारतींमधली ५३० घरं राखली. जुन्या सांगाड्याला बाहेरून नवे, खोल सज्जे जोडले. रहिवाशांना काम चालू असतानाही घर सोडावं लागलं नाही. या प्रकल्पाला २०१९ चा मीस व्हान डेर रोहे हा युरोपातला वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला. अशा कामात जुन्या स्लॅबची ताकद तपासूनच नव्या नकाशाची पहिली रेघ ओढता येते.