ट्रिपल अ‍ॅक्सेलचा पहिला मान मिदोरी इतो यांचाच
फिगर स्केटिंगमध्ये ‘ट्रिपल अ‍ॅक्सेल’ ही उडी मारणारी पहिली महिला अमेरिकेची टोन्या हार्डिंग होती, असे अनेकदा छातीठोकपणे सांगितले जाते. ते खरे नाही. हार्डिंग यांनी ती 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मारली आणि तसे करणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकी महिला ठरल्या, एवढेच. त्याआधी 1988 मध्येच जपानमधील नागोयाच्या मिदोरी इतो यांनी एनएचके ट्रॉफी या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही उडी यशस्वी केली होती आणि 1989 मध्ये पॅरिसला या उडीसह विश्वविजेतेपदही पटकावले होते. पुढे तोंड करून झेप घ्यायची आणि मागे तोंड करून उतरायचे, म्हणून या ‘तिहेरी’ उडीत प्रत्यक्षात साडेतीन गिरक्या असतात.

इतो यांना ऑलिंपिक सुवर्ण मिळाल्याचेही कोणी कोणी लिहिते. 1992 च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये त्यांचा पहिला ट्रिपल अ‍ॅक्सेल फसला, पण त्याच कार्यक्रमात, पाय थकलेले असताना, त्यांनी तो पुन्हा घेतला आणि साधला (हे धाडस मला पदकाहून मोठे वाटते). तरी सुवर्ण अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुची यांना आणि रौप्य इतो यांना मिळाले. जपानचे या खेळातले पहिले ऑलिंपिक सुवर्ण 2006 मध्ये शिझुका अराकावा यांनी जिंकले.